एका पाकिटात कोरडं आणि ओलं

प्रवासात, दवाखान्यात किंवा पूर-भूकंपानंतरच्या मदत छावणीत हाताशी असावा म्हणून बाळासाठी एक छोटा तयार संच मिळतो. एक डायपर, दोन-चार वाइप्स आणि वापरलेला डायपर टाकायला एक पिशवी. तिन्ही वस्तू रोजच्या पाहण्यातल्या, त्यामुळे त्यांना एका पाकिटात घालण्यात काही विशेष असेल असं वाटत नाही. पण त्यांचे स्वभाव बघा. डायपरच्या पोटात पाण्यासाठी हपापलेली भुकटी आहे. वाइपमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच आहे. या दोघांना कित्येक महिने शेजारी-शेजारी ठेवायचं, आणि तरी डायपर कोरडा आणि वाइप ओला राहायला हवा. वापर झाला की दोघंही ओले आणि घाण, मग तिसऱ्या वस्तूने, म्हणजे पिशवीने, तो सगळा ओलावा आणि वास आत डांबून ठेवायचा. हा संच समजून घ्यायचा तर पाणी कुठून कुठे जातं, याचा माग काढावा लागतो.

सुरुवात भुकटीपासून करू, कारण सगळ्यात नवलाची गोष्ट तीच आहे. एक कोरा डायपर घ्या, कात्रीने मधोमध कापा आणि आतला कापसासारखा लगदा कागदावर झटका. साखरेच्या बारीक कणांसारखे पांढरे कण खाली पडतील. (हे मुलांपासून दूर करा आणि भुकटी नाकात जाऊ देऊ नका.) चमचाभर कण पेल्यात घेऊन वर पाणी ओता. मिनिटाभरात पेला उपडा केला तरी थेंब पडणार नाही. पाण्याच्या जागी थरथरणारी जेली दिसेल. आता त्या जेलीवर चिमूटभर मीठ भुरभुरा आणि ढवळा. घट्ट जेली सैल पडते, पाणी सुटू लागतं.

या कणांचं नाव सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, आणि त्या साखळ्यांवर ठिकठिकाणी ऋण भार, सोबत सोडियमचे धन भारित आयन. कोरडेपणी या साखळ्या गुंडाळून पडलेल्या असतात. पाणी आत शिरलं की सोडियमचे आयन मोकळे होतात, साखळीवरचे ऋण भार एकमेकांना दूर ढकलू लागतात आणि गुंडाळी उलगडते. आत आयनांची दाटी, बाहेर साधं पाणी. ही तफावत भरून काढायला पाणी आत ओढलं जातं. साखळ्या एकमेकींना मध्ये-मध्ये रासायनिक गाठींनी बांधलेल्या असतात म्हणून हा पदार्थ विरघळून जात नाही, नुसता फुगतो. शुद्ध पाणी असेल तर हे कण आपल्या वजनाच्या काहीशे पट पाणी धरतात. लघवीत मात्र क्षार असतात. बाहेरही आयन आले की आत-बाहेरची तफावत घटते, आणि क्षमता उतरून साधारण तीस ते पन्नास पटींवर येते. मिठाच्या प्रयोगात हेच दिसलं. तरीही डायपरमधली दहा-पंधरा ग्रॅम भुकटी बाळाची रात्रभराची लघवी सहज सांभाळते.

कापसासारखा दिसणारा लगदाही पाणी शोषतो, पण ते तंतूंच्या फटींत अडकलेलं पाणी असतं. बाळ त्यावर बसलं की पिळून बाहेर येतं. जेलीतलं पाणी बसल्याने सुटत नाही. मग सगळा डायपर भुकटीचाच का करत नाहीत? कारण बाहेरचे कण आधी फुगून एकमेकांना चिकटतात आणि आतल्या कणांची वाट बंद करतात. लगद्याचे तंतू ही वाट मोकळी ठेवतात. म्हणून दोन्ही मिसळावे लागतात, आणि त्यांच्या वर लघवी पटकन पसरवणारा आणखी एक थर घालावा लागतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया शहरातल्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात मक्याच्या स्टार्चपासून असा अतिशोषक पदार्थ बनवण्यात आला. शेतजमिनीत ओल टिकून राहावी, हा त्यातला एक हेतू होता. योगायोग असा, की व्हिक्टर मिल्स या रसायन अभियंत्याच्या पुढाकाराने तयार झालेला पँपर्स हा डायपर १९६१ साली चाचणीसाठी पहिल्यांदा विकला गेला तोही पिओरियातच. त्यात मात्र ही भुकटी नव्हती. दोन्ही गोष्टी एकत्र यायला १९८०चं दशक उजाडलं. त्याही आधी मॅरियन डोनोव्हन या अमेरिकी महिलेने न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा कापून लंगोटावर घालायचं जलरोधक आवरण शिवलं होतं. १९५१ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. आजच्या डायपरचं बाहेरचं आवरण तिच्या पडद्याच्या कितीतरी पुढे गेलं आहे: पॉलिथिनमध्ये चुनखडीची पूड मिसळून तो पापुद्रा ताणतात, पुडीच्या कणांभोवती अतिसूक्ष्म छिद्रं पडतात, आणि त्यांतून वाफ जाते पण द्रव जात नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्वचेसाठी. डायपरखाली लाल पुरळ उठण्याचं कारण लघवीतला अमोनिया, असं विसाव्या शतकात बराच काळ मानलं जायचं. १९८०च्या दशकातल्या प्रयोगांनी चित्र बदललं. अमोनिया थेट त्वचा जाळत नाही, तो दुसऱ्यांसाठी दार उघडतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (म्हणजे pH; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साडेपाचच्या आसपास. लघवीतल्या युरियाचं शीमधले जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि सामू वर चढतो. चढलेल्या सामूवर शीमधली प्रथिनं आणि चरबी पचवणारी विकरं (एन्झाइम) जोरात कामाला लागतात. त्यांना अन्न आणि त्वचा यांत फरक कळत नाही. त्यात त्वचा ओलाव्याने आधीच भिजून मऊ पडलेली असेल आणि वर कापडाचं घर्षण असेल, तर पुरळ उठणारच. म्हणूनच नुसती लघवी थोडा वेळ राहिली तर फारसं बिघडत नाही, पण शी आणि लघवी एकत्र आली की डायपर लगेच बदलावा. ही विकरं बाळाच्याच पोटातून येतात, ती थांबवता येत नाहीत. त्यांना वेळ आणि ओलावा न देणं आपल्या हातात आहे. पुरळ मांड्यांच्या घड्यांतही शिरलं असेल आणि कडेला बारीक लाल पुटकुळ्या असतील, तर बहुधा कँडिडा बुरशीने ठाण मांडलेलं असतं. तिथे नुसती स्वच्छता पुरत नाही, डॉक्टरांकडे जावं.

वाइपचं खरं काम इथे सुरू होतं. त्याच्या पाण्यात सायट्रिक आम्लासारखे पदार्थ मिसळून सामू त्वचेच्या जवळपास आणलेला असतो, म्हणजे घाण निघतेच, शिवाय अमोनियाने चढलेला सामूही खाली येतो. इंग्लंडमध्ये २८० नवजात बाळांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वाइप आणि कापूस-पाणी यांची तुलना केली गेली; त्वचेच्या ओलसरपणाच्या मापात दोन्ही सारखेच ठरले. चाचणीचा खर्च बाळांची उत्पादनं बनवणाऱ्या कंपनीने उचलला होता, हे लक्षात ठेवून तो निष्कर्ष वाचावा. माझ्या मते त्यातून दोन्ही बाजूंना दिलासा मिळतो: वाइपने बाळाचं नुकसान होत नाही, आणि वाइप नसेल तर पाण्यानेही काही अडत नाही.

वाइपची अडचण वेगळीच आहे. ओलं कापड बंद पाकिटात ठेवलं की ते बुरशीला आणि जिवाणूंना आमंत्रणच, म्हणून त्यात परिरक्षक घालावे लागतात. त्यांपैकी मिथाइलआयसोथायझोलिनोन या पदार्थाने इतक्या लोकांना ॲलर्जी झाली, की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला त्या वर्षीचा ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून जाहीर केलं आणि युरोपीय संघाने २०१७ पासून त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी घातली. पाकिटावर हे नाव दिसलं तर ते पाकीट परत ठेवावं. छोट्या संचाचा इथे एक फायदा आहे. ऐंशी वाइप्सचं मोठं पाकीट दिवसातून अनेकदा उघडतं, हात लागतात, झाकण उघडं राहतं. संचातलं पाकीट एकदाच उघडतं आणि संपतं.

पण तोवर त्याला ओलं राहायचं आहे. पॉलिथिन पाण्याला चांगलं अडवतं, वाफेला पूर्ण अडवत नाही. पातळ पापुद्र्यातून पाण्याचे रेणू एकेक करून सटकत राहतात आणि गरम जागी ही गळती वाढते. शेजारी सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट असेल तर सुटलेली वाफ त्याच्याकडेच जाणार. ते हवेतली आर्द्रताही शोषतं. म्हणून अशा संचातल्या वाइपच्या पाकिटाला ॲल्युमिनियमचा पातळ थर असणं फार महत्त्वाचं, कारण धातूच्या अखंड थरातून वाफ जवळजवळ जातच नाही. संच विकत घेताना मी तरी आधी वाइपचं पाकीट दाबून बघते. ते चकाकणाऱ्या कडक पापुद्र्याचं आहे का, कडेची शिवण सलग आहे का? साध्या मऊ प्लास्टिकचं असेल तर वर्षभर बॅगेच्या तळाशी पडलेल्या संचात ऐन वेळी कोरडं कापड हाती येण्याचीच शक्यता जास्त.

आता पिशवी. तिन्हींत सगळ्यात कमी विचार तिचा झाला आहे, असं माझं मत आहे. तिच्यावर फुलांचा वास फवारतात, ‘विघटनशील’ असं हिरव्या अक्षरांत छापतात. वासाचं म्हणाल तर अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड आणि स्कॅटोल हे त्यातले मुख्य. स्कॅटोल तर नाकाला अत्यल्प प्रमाणातही जाणवतं आणि पातळ पॉलिथिनमधून हळूहळू बाहेर झिरपतं. सुगंध त्याच्यावर पांघरूण घालतो, त्याला अडवत नाही. विघटनाचं म्हणाल तर मक्यापासून बनणारं पॉलिलॅक्टिक आम्लाचं प्लास्टिक कुजायला साठ अंश सेल्सियसच्या आसपास तापणारं औद्योगिक खत केंद्र लागतं. कचऱ्याच्या ढिगात खोल, हवेविना, ते तसंच पडून राहतं. आणि आतला डायपरच प्लास्टिकचा असताना बाहेरची पिशवी कुजली काय आणि न कुजली काय.

पिशवीचं मोलाचं काम रोगजंतूंना हातांपासून आणि माश्यांपासून दूर ठेवणं हे आहे. बाळाची शी निरुपद्रवी असते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. रोटाव्हायरसने आजारी बाळाच्या एक ग्रॅम शीमध्ये शंभर अब्जांहून जास्त विषाणू असू शकतात, आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला शंभराच्या आतलेही पुरतात. हे आकडे शेजारी ठेवले की कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातात आपण काय देतो आहोत, ते स्पष्ट होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ बाळाची शी शौचालयात टाकणं ही सुरक्षित विल्हेवाट मानतात. कचऱ्यात टाकणं नव्हे. डायपरमधल्या शीलाही हेच लागू आहे. घट्ट शी आधी शौचालयात झटकावी, मग वापरलेले वाइप्स डायपरच्या आत ठेवून तो पुढून मागे गुंडाळावा आणि त्याच्याच पट्ट्यांनी चिकटवावा. बाहेरचं आवरण जलरोधक असल्याने अर्धी बांधणी इथेच होते. मग पिशवी, गाठ आणि साबणाने हात. उरलेल्या वाइपने हात पुसणं म्हणजे हात धुणं नाही, आणि नोरोव्हायरससारख्या विषाणूंपुढे अल्कोहोलचं सॅनिटायझरही कमी पडतं.

वाइप मात्र शौचालयात कधीच नाही. तो पॉलिस्टर किंवा व्हिस्कोजच्या तंतूंचा असतो. ते पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी एकमेकांत गुंतवलेले असतात, म्हणून तो ओला असूनही फाटत नाही. गटारातही फाटत नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात सापडलेला, चरबी आणि वाइप्सचा मिळून घट्ट झालेला गोळा २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा होता.

डायपर पुन्हा उपयोगात आणणं शक्य आहे. मिठाने जेली सैल पडते, कॅल्शियमच्या क्षाराने तर ती आक्रसून जवळजवळ सगळं पाणी सोडून देते, कारण कॅल्शियमचा एक आयन दोन ऋण भारांना एकत्र बांधून टाकतो. एकदा पाणी गेलं की लगदा, प्लास्टिक आणि भुकटी वेगळी करता येतात. जपानच्या कागोशिमा प्रांतात वापरलेल्या डायपरांचा लगदा ओझोनने निर्जंतुक करून पुन्हा डायपरमध्ये वापरण्याचं काम सुरू आहे. त्यासाठी डायपर इतर कचऱ्यापासून वेगळे जमा व्हावे लागतात, आणि एकेक डायपर गाठ मारलेल्या वेगळ्या पिशवीत असेल, सोबत ॲल्युमिनियमचं पाकीट असेल, तर वर्गीकरण आणखी अवघड होतं.

तोपर्यंत संच बनवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. पिशवीवरची फुलं काढा आणि तिथे मोठ्या अक्षरांत किंवा चित्रांनी छापा: शी शौचालयात, वाइप डायपरमध्ये, डायपर पिशवीत. बदलायच्या घाईत बाहेरचं वेष्टन कोणी वाचत नाही, ते तोवर फेकलेलंही असतं. पिशवी तेवढी हातात असते.