खपवून घेणं आणि हक्क मानणं

‘आमच्याही सहिष्णुतेला मर्यादा आहेत’ असं म्हणणारा कधी ‘आता फार झालं, आमचा संयम संपला’ असं सुचवत असतो, तर कधी ‘धर्माच्या नावाखाली कुणाला इजा करता येणार नाही’ असं. पहिली मर्यादा सहिष्णुतेची, दुसरी धर्मस्वातंत्र्याची. दोन्हींची गल्लत सर्रास होते.

सहिष्णुता म्हणजे शब्दशः सहन करणं. सहन करणारा वरच्या पायरीवर असतो आणि मुभा त्याच्या मर्जीवर टिकते. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतचा आदेश काढून कॅथलिक बहुसंख्या असलेल्या देशातल्या प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांना उपासनेची परवानगी दिली. पण खुद्द पॅरिसमध्ये ती नव्हती. तिथले प्रोटेस्टंट प्रार्थनेसाठी शहराबाहेर शारांतोंला जात, बरेचजण सीन नदीतून होडीने. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने आदेशच रद्द केला आणि शारांतोंचं प्रार्थनाघर पाडलं गेलं. त्या लोकांनी नवा गुन्हा काय केला होता? काहीच नाही. राजाची मर्जी फिरली, एवढंच. सहिष्णुतेचा पुरस्कर्ता, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकसुद्धा १६८९ मध्ये नास्तिकांना तिच्यातून वगळतो, कारण त्यांच्या शपथेवर त्याचा विश्वास नाही!

हक्काचं गणित उलटं. इथे कारण द्यायची जबाबदारी अडवणाऱ्यावर येते, आणि ‘मला ते पटत नाही’ हे कारण चालत नाही. सज्ञान माणूस श्रद्धेपोटी रक्त घ्यायला नकार देऊ शकतो. आपल्या लहान मुलाच्या वतीने तोच नकार दिला, तर न्यायालय मध्ये पडू शकतं. पालक स्वतः हुतात्मा व्हायला मोकळे असतील, पण मुलांना हुतात्मा करायला नाहीत, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये म्हटलं. गंमत म्हणजे तो खटला उपचारांचा नव्हताच. नऊ वर्षांची मुलगी पालक असलेल्या मावशीबरोबर रस्त्यावर धार्मिक मासिकं विकत होती, त्याचा होता. तेवढ्यासाठी मावशीला झालेली शिक्षा मला जरा कडकच वाटते, पण तत्त्व पटतं.

खरी पंचाईत होते ती मर्जी कायद्याचा वेश घालून येते तेव्हा. रात्री अमुक डेसिबलच्या वर आवाज नको, हा नियम लग्नाच्या वरातीपासून प्रार्थनास्थळापर्यंत सगळ्यांना लागू असेल, तर ती स्वातंत्र्याची मर्यादा आहे, कारण शेजाऱ्याची झोप मोडते. तोच नियम एकाच धर्माच्या भोंग्यावर बजावला आणि बाकीच्यांकडे काणाडोळा केला, तर आकडा कितीही शास्त्रीय असो, तिथे शारांतोंचाच हिशेब चालू आहे.