समाजकार्याचा परवाना : पदवी आणि व्यवसाय यांच्यामधली शंभर वर्षे

अमेरिकेत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, मिळाली की शिक्षण संपते. स्वतंत्रपणे व्यवसाय करण्याचा अधिकार मात्र मिळत नाही. त्यासाठी राज्याच्या परवाना मंडळाकडे अर्ज करावा लागतो, बहुतेक राज्यांत देशव्यापी परीक्षा द्यावी लागते, आणि ज्याला मानसोपचाराच्या अंगाने काम करायचे असेल त्याला परवानाधारक ज्येष्ठांच्या देखरेखीखाली दोन-तीन वर्षे काढावी लागतात. कॅलिफोर्नियात हा काळ ३,००० तासांचा आहे. त्यानंतर आणखी एक परीक्षा झाली की नावापुढे एलसीएसडब्ल्यू, म्हणजे परवानाधारक चिकित्सालयीन समाजकार्यकर्ता, ही अक्षरे लावता येतात. मुंबई-पुण्याहून एमएसडब्ल्यू करून तिकडे गेलेल्यांना याआधी आपल्या पदवीची समकक्षता तपासून घ्यावी लागते. भारतात याच पदवीनंतर बहुतांश कामांसाठी असा कोणताही टप्पा नाही. हा फरक केवळ शिस्तीचा किंवा सरकारी आळसाचा मानणे सोपे आहे. पण परवान्याचा इतिहास पाहिला तर तो समाजकार्य या विषयाच्या पोटातून फारसा आलेला नाही, तो इस्पितळातून आणि विमा कंपन्यांच्या देयकांतून आलेला आहे.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागते. तेथील चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने १८९८ मध्ये दानधर्माच्या कामात असलेल्यांसाठी उन्हाळी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. पुढे त्यातूनच आजचे कोलंबिया विद्यापीठाचे समाजकार्य विद्यालय उभे राहिले. गरिबांच्या घरी जाऊन चौकशी करणाऱ्या सधन घरातील स्त्रियांच्या जागी पगारी, शिकलेली माणसे यावीत, हा त्यामागचा विचार होता. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये समाजकार्यकर्तीची नेमणूक केली, कारण घरी अन्न आणि हवा नसलेल्या क्षयरोग्याला औषध लिहून देण्यात अर्थ नाही हे त्यांना दिसत होते. इस्पितळाशी असलेला हा संबंध पुढे निर्णायक ठरला.

१९१५ मध्ये बाल्टिमोर येथे भरलेल्या दानधर्म व सुधारकार्याच्या राष्ट्रीय परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर यांनी ‘समाजकार्य हा व्यवसाय आहे काय?’ या प्रश्नावर भाषण केले. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, शिक्षणतज्ज्ञ होते. पण त्यांच्या १९१० च्या अहवालाने अमेरिकेतील कित्येक वैद्यकीय महाविद्यालयांना टाळे लागले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला धाक होता. त्यांचे उत्तर ‘अजून नाही’ असे होते. समाजकार्यकर्ता डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्यामध्ये दुवा जोडतो, पण त्याचे स्वतःचे, दुसऱ्याला शिकवता येईल असे वेगळे तंत्र नाही, असा त्यांचा आक्षेप होता. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ आला आणि एकेका व्यक्तीची व कुटुंबाची परिस्थिती पद्धतशीर तपासून निदान करण्याची रीत त्यात मांडली गेली. शीर्षकातच ‘निदान’ हा वैद्यकाचा शब्द आहे. वस्तीचे संघटन, कायद्यातील सुधारणा, कामगारांची बाजू मांडणे ही कामेही तितकीच जुनी होती. पण ज्याला तंत्र म्हणून दाखवता येत होते, ते व्यक्तीबरोबरचे काम होते. व्यावसायिक प्रतिष्ठेचा शोध त्या दिशेने वळला आणि फ्लेक्सनर यांच्या भाषणाचा सल पुढे अर्धे शतक राहिला.

कायद्याची पहिली नोंद मात्र मुख्य भूमीवरची नाही. प्वेर्तो रिको या बेटावर १९३४ मध्ये समाजकार्याच्या नियमनाचा कायदा झाला. कॅलिफोर्नियाचा नोंदणीचा कायदा १९४५ चा. त्याने कामावर नव्हे तर उपाधीवर बंधन घातले, म्हणजे नोंदणी नसलेला माणूस काम करू शकत होता, फक्त स्वतःला नोंदणीकृत म्हणवू शकत नव्हता. इतर राज्ये बराच काळ थांबून राहिली. दरम्यान व्यवसायाने स्वतःची घडी बसवली : १९५२ मध्ये शिक्षणसंस्थांना मान्यता देणारी परिषद स्थापन झाली आणि १९५५ मध्ये सात संघटना एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना (एनएएसडब्ल्यू) तयार झाली. पदवीनंतर दोन वर्षे देखरेखीखाली काम केलेल्यांना या संघटनेने स्वतःचे प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. आजच्या परवान्यातील देखरेखीच्या वर्षांचा साचा तेथेच दिसतो, पण ते प्रमाणपत्र संघटनेचे होते. न्यायालयात किंवा विमा कंपनीसमोर त्याला शासनाच्या परवान्याचे बळ नव्हते.

विमा कंपनीचा उल्लेख येथे ओघात आलेला नाही. साठ-सत्तरच्या दशकांत मानसोपचाराचा खर्च विम्यातून दिला जाऊ लागला आणि या उपचारांतला मोठा भाग प्रत्यक्षात समाजकार्यकर्तेच करीत होते. पण देयक मंजूर व्हायचे ते मानसोपचारतज्ज्ञाचे किंवा मानसशास्त्रज्ञाचे, कारण राज्याचा परवाना त्यांच्याकडे होता. राष्ट्रीय संघटनेने १९६९ मध्ये परवान्याच्या कायद्यांसाठी प्रयत्न करण्याचा ठराव केला. परवाना मंडळांची संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली आणि १९८३ पासून तिच्या परीक्षा सुरू झाल्या. १९८९ च्या केंद्रीय कायद्याने ज्येष्ठ नागरिकांच्या मेडिकेअर योजनेत चिकित्सालयीन समाजकार्यकर्त्यांना थेट मोबदला देण्याची तरतूद केली. दर ठरला मानसशास्त्रज्ञाच्या मोबदल्याच्या ७५ टक्के. पात्रतेच्या व्याख्येत पदव्युत्तर पदवी, त्यानंतरचे किमान दोन वर्षांचे देखरेखीखालील काम आणि राज्याचा परवाना या तिन्ही गोष्टी होत्या. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत पन्नासही राज्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे नियमन आले. सामान्य माणसाला अपात्र व्यक्तीपासून संरक्षण मिळावे हा कायद्यांचा जाहीर हेतू खरा होता, पण एवढी हालचाल पैशाच्या प्रश्नाशिवाय झाली असती असे मला वाटत नाही.

परवान्याची ही परीक्षा अनेक वर्षे एकाच साच्याची राहिली : चार तास, बहुपर्यायी १७० प्रश्न, त्यांपैकी १५० गुणांसाठी धरलेले. परीक्षा काही गटांवर अन्याय करते ही तक्रार जुनी होती, पण आकडे जाहीर होत नव्हते. ते ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. चिकित्सालयीन परीक्षेत २०१८ ते २०२१ या काळात पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्या श्वेतवर्णीय उमेदवारांचे प्रमाण सुमारे ८४ टक्के, तर कृष्णवर्णीय उमेदवारांचे ४५ टक्के होते. एकाच मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांमध्ये एवढी दरी असेल, तर परीक्षा नेमके काय मोजते हा प्रश्न टाळणे अवघड होते. राष्ट्रीय संघटनेने २०२३ च्या आरंभी या परीक्षांना विरोध जाहीर केला. इलिनॉय राज्याने त्याआधीच, २०२२ पासून, प्राथमिक पदव्युत्तर परवान्यासाठीची परीक्षेची अट काढून टाकली होती. दुसरीकडे एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालावा यासाठी आंतरराज्य करार पुढे आला. मिसूरीने तो २०२३ मध्ये प्रथम स्वीकारला आणि २०२४ मध्ये सात राज्यांचा आवश्यक आकडा पूर्ण झाला.

मुंबईचा या इतिहासाशी असलेला संबंध दूरचा नाही. अमेरिकन मराठी मिशनतर्फे आलेले क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाड्यात नेबरहूड हाऊस हे वस्तीकेंद्र चालवायला घेतले, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. भारतातले व्यावसायिक समाजकार्याचे हे पहिले विद्यालय. १९४४ पासून ते टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने ओळखले जाते. म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, वर्गाबरोबर क्षेत्रकार्य, पर्यवेक्षकाला दाखवायची नोंदवही हा सगळा साचा अमेरिकेतून आला, आणि आला तेव्हा तेथेही परवान्याची जोड जवळपास नव्हतीच. त्याआधीच विठ्ठल रामजी शिंदे यांचे १९०६ पासूनचे निराश्रित साहाय्यकारी मंडळ आणि ना. म. जोशी यांची १९११ ची सोशल सर्व्हिस लीग यांनी मुंबईत पाय रोवलेले होते. ज्या समाजात सेवेचा मान तिच्या निःस्पृहतेवरून ठरत होता, तेथे तिच्यासाठी शासनाची परवानगी मागणे कोणाला सुचले असते, आणि सुचले असते तरी रुचले असते, असे वाटत नाही.

पदवीला किंमत आली ती नोकरीच्या वाटेने. कारखाने अधिनियम, १९४८ ने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि त्या पदासाठी समाजकार्याची पदवी-पदविका उपयोगी ठरली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली होती. मुंबईत निर्मला निकेतन (१९५५), पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) अशी विद्यालये निघत गेली, पण पदवीधरांची नोंद ठेवणारी, गैरवर्तनाची तक्रार ऐकणारी वैधानिक परिषद झाली नाही. राष्ट्रीय परिषदेच्या विधेयकाचे मसुदे वेळोवेळी तयार झाले. संसदेने कायदा केला नाही. अडथळा केवळ शासनाच्या उदासीनतेचा नव्हता. आदिवासी भागात वीस-वीस वर्षे काम केलेल्या बिनपदवीच्या कार्यकर्त्याला नोंदणीबाहेर ठेवून कालच्या पदवीधराला आत घ्यायचे का, हा आक्षेप चळवळीतल्यांचा आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

नोंदणी अखेर आली ती आरोग्यसेवेच्या कायद्यांतून, अमेरिकेत आली तशीच. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या केली : समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालील प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एमफिल, अशा व्यक्तींची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे होते. सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा २०२१ चा कायदा आणखी पुढे जातो. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांच्या गटात चिकित्सालयीन, मनोविकार आणि वैद्यकीय समाजकार्यकर्ते यांचा समावेश असून राज्य परिषदांमार्फत नोंदणीची तरतूद आहे. त्यामुळे एकाच एमएसडब्ल्यूच्या वर्गातून बाहेर पडलेल्यांपैकी इस्पितळात जाणारा नोंदणीच्या कक्षेत येतो, आणि वस्तीत बचतगट बांधणारा, बालकल्याणात किंवा पंचायतीबरोबर काम करणारा तिच्या बाहेर राहतो.