पांढरं पीस जपताना

सांगलीत राहून समुद्रपक्ष्यांचे फोटो काढायचे म्हणजे सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचा प्रवास आला. कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून रत्नागिरी. हिवाळ्यात मिरकरवाडा बंदरात मासळी उतरायला लागली की कुरवांचे, म्हणजे सीगल पक्ष्यांचे थवे बोटींभोवती घिरट्या घालतात. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच पठारांवर, सरोवरांच्या काठी वीण करतो आणि थंडीत आपल्या किनाऱ्याला येतो. पहिल्या खेपेला मी चारेकशे फोटो घेऊन परतलो. घरी संगणकावर उघडले, तर पांढरा कागद कातरून चिकटवावा तसे आकार दिसत होते. चोच होती, डोळा होता, पिसांचा पत्ता नव्हता.

ती पिसं संगणकावर परत आणायला मी दोन रात्री खर्ची घातल्या. आली नाहीत. ती येणं शक्यच नव्हतं, हे मला नंतर कळलं.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कोट्यवधी सूक्ष्म चौकटी असतात. पावसाळ्यात पागोळ्यांखाली भांडी मांडतो ना, तशा. शटर उघडं असेपर्यंत त्यांच्यावर प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन पडत राहतात आणि प्रत्येक चौकटीत विद्युतभार साठत जातो. भांडं काठोकाठ भरलं की पुढचा थेंब वाहून जातो. मग कुठे थोडं जास्त पडलं, कुठे फार जास्त, याची नोंदच उरत नाही; सगळी भांडी सारखीच भरलेली. कुरवाच्या छातीवरच्या पिसापिसातला फरक तिथेच वाहून गेलेला असतो.

कॅमेरा असं का होऊ देतो? त्याचा प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. काळपट पाण्यावर एवढासा पांढरा पक्षी दिसला की त्याला सगळा अंधारच वाटतो आणि तो प्रकाश जास्त आत घेतो. तोच पक्षी दोन सेकंदांत उजळ आभाळावर गेला की प्रकाश कमी केला जातो आणि पोटाखालचा भाग काळवंडतो. खरं तर त्या दोन सेकंदांत पक्ष्यावरचं ऊन तसूभरही बदललेलं नसतं. बदलते ती पार्श्वभूमी. म्हणून आता मी एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवतो, म्हणजे प्रकाश किती घ्यायचा ते कॅमेऱ्यावर न सोडता स्वतः ठरवतो. चढत्या उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 400, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) एफ 6.3 आणि शटर 1/3200 सेकंद, इथून सुरुवात करायची. दोन फोटो घेऊन हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ छटा दाखवणारा आलेख पाहायचा. तो उजव्या भिंतीला टेकला असेल तर शटर आणखी वेगवान करायचं. मग पक्षी पाण्यावर असो की आभाळात, आकड्यांना हात लावायचा नाही.

याचा सराव करायला रत्नागिरी गाठावी लागत नाही. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर नदी सुरय दिसतो. तो कुरवांच्याच लॅरिडी कुळातला. करडी-पांढरी पिसं, विणीच्या दिवसांत डोक्यावर काळी टोपी, पिवळीधमक चोच. पाण्यावरून उडताना मान खाली घालून मासा शोधतो, क्षणभर हवेत जागीच थरथरतो आणि सूर मारतो. तो सेकंदाला 10 मीटर वेगानं खाली येतोय असं धरू. 1/250 सेकंदात तो 4 सेंटिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत नुसता पांढरा फराटा. 1/2000 सेकंदात हेच अंतर 5 मिलिमीटर होतं आणि चोचीची कड शाबूत राहते.

वेगवान शटरमध्ये प्रकाश कमी मिळतो आणि त्याची किंमत मोजावी लागते, ती नॉइजच्या, म्हणजे फोटोतल्या खरखरीच्या रूपानं. पुन्हा भांड्यांकडे येऊ. रिमझिम असेल तर शेजारशेजारच्या दोन भांड्यांत थेंब कमीजास्त पडतात आणि तो फरक डोळ्यांत भरतो. मुसळधार पावसात तो जाणवत नाही. प्रकाशाचंही तसंच असतं. एका चौकटीत सरासरी 100 फोटॉन टिपले जात असतील तर साधारण 10 चा चढउतार होतो, म्हणजे 10 टक्के. 10,000 टिपले गेले तर चढउतार 100 चा, म्हणजे एकच टक्का. सावलीतल्या पंखाखाली जी रेतीसारखी खरखर दिसते ती बरीचशी यामुळेच. म्हणून पांढऱ्या पिसांतला तपशील जाऊ न देता जितका प्रकाश घेता येईल तितका घ्यावा, आणि फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ नोंदीच्या रूपात ठेवावा. 14 बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात, नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256. संगणकावर सावली उजळताना हा फरक लगेच कळतो.

दुपारची तापलेली वाळू मात्र कुठल्याच फाइलला दाद देत नाही. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वळतो आणि लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा लवलवतो. त्यावर उपाय एकच, सकाळी लवकर जाणे.

संगणकावर मी रंगापासून सुरुवात करतो. सकाळच्या उन्हात तांबूसपणा असतो, पंखाच्या सावलीत आभाळाचा निळा आणि पोटाखाली पाण्याचा हिरवा उजेड मिसळलेला असतो. पिसं शुभ्र करायच्या नादात हे सगळं पुसून टाकलेले फोटो पाहिले की मला वाईट वाटतं. शार्पनिंगलाही हात आखडता हवा. तिथे सॉफ्टवेअर कडेची गडद बाजू आणखी गडद आणि उजळ बाजू आणखी उजळ करतं. नवा तपशील काहीच येत नाही. जास्त झालं की सुरयाच्या काळ्या टोपीभोवती पांढरी रेघ उमटते.

नॉइज काढणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत मी जास्त सावध असतो. आधी शिकलेल्या असंख्य फोटोंच्या आधारे ती इथे काय असेल याचा अंदाज बांधतात. आता हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या आणि काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं जवळपास सारखंच दिसतं: पांढरं, कानापाशी काळसर डाग. ओळख पटते ती बारीक खुणांवरून. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचं बुबुळ फिकं असतं, काळ्या डोक्याच्याचं गडद. पहिल्याच्या काळ्या पंखटोकांवर पांढरे ठिपकेही असतात. फोटोत हा डोळा अवघा आठ-दहा पिक्सेलचा असतो. तिथे सॉफ्टवेअरनं स्वतःच्या मनानं काळंभोर बुबुळ भरलं तर पक्ष्याची जातच बदलते. म्हणून डोळा आणि पंखांची टोकं शंभर टक्के मोठी करून मूळ रॉशी ताडून पाहिल्याशिवाय मी फोटो कुणाला पाठवत नाही.

मार्च उजाडला की कुरव उत्तरेकडे परतू लागतात आणि इकडे नदी सुरयाची वीण सुरू होते. अंडी उघड्या वाळूवर, एका उथळ खळग्यात. माणूस जवळ गेला की पालक उठतात आणि तेवढ्या वेळात अंडी उन्हात भाजून निघतात. त्या महिन्यांत मी वाळूच्या पट्ट्यावर उतरत नाही, अलीकडच्या काठावरूनच फोटो घेतो. पक्षी नखाएवढा येतो, क्रॉप केल्यावर नॉइज भरपूर दिसतो. तो मी तसाच ठेवतो.