थंडीतली पहाट आणि शुद्ध हवा

‘थंडीत पहाटेची हवा सर्वांत शुद्ध’ असा फॉरवर्ड दर हिवाळ्यात फिरतो. हवा गार लागते म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार, जड होते आणि वर उबदार थर राहतो. बंब, चुली, शेकोट्यांचा धूर त्याखाली अडकतो. वाई, भोरसारख्या डोंगरांनी वेढलेल्या गावांत उतारावरची गार हवाही खाली येऊन साचते. ऊन तापल्यावर, साधारण दहा-अकरानंतर, हा थर मोडतो. पावसाळ्यात ही अडचण फारशी नसते.

पडताळायचं तर सूर्योदयाला टेकडीवरून गावाकडे पाहा: धूर थोडा वर चढून आडवा पसरलेला दिसेल. किंवा पीएम २.५ चे (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे) सकाळी ७ आणि दुपारी ३ चे आकडे आठवडाभर लिहून ठेवा. धुक्याचे दिवस वगळा. कारण हे कण मोजणारा स्वस्त सेन्सर पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतो. दमा असलेल्यांनी हिवाळ्यात उन्हं वर आल्यावरच फिरायला निघावं.