सोयापेंड निर्यात, इंदूर

सोयाबीनमधून तेल काढल्यावर उरणाऱ्या प्रथिनयुक्त पेंडेचा परदेशी व्यापार. 100 किलो दाण्यांतून तेल निघते साधारण 18 किलो आणि पेंड 80 किलोंच्या आसपास. म्हणून सोयाबीन तेलबियांत मोडत असले तरी प्लांटचा हिशेब बसतो तो पेंडेवर. या धंद्याचे देशातले केंद्र इंदूर. गाळपदारांची संघटना ‘सोपा’ 1979 पासून इथे आहे. राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्रही 1987 मध्ये इथेच सुरू झाले.

माळव्यात पावसाळाभर काळे रान पडीक ठेवायचे आणि रब्बीत गहू-हरभरा घ्यायचा, ही जुनी रीत. 1970 च्या दशकापासून त्या पडीक रानात सोयाबीन शिरले आणि बघता बघता ‘पीला सोना’ ठरले. इंदूर-देवास भागात पिढ्यान्‌पिढ्या शेती राखून असलेल्या मराठी घरांतही दिवाळीच्या तोंडावर हाती येणारा पैसा याच पिकाचा.

मंडीत व्यापारी ढिगात हात घालून दाणा दाताखाली फोडतो, मग ओल यंत्रावर मोजतो. प्लांटचा भाव ‘2-2-10’ या अटीवर असतो: माती 2 टक्के, डागी दाणे 2 टक्के, हवा म्हणजे ओल 10 टक्के. त्याहून जास्त भरले की कटौती.

भावाच्या लढाईत भारतीय पेंड ब्राझील-अर्जेंटिनापुढे टिकत नाही. आपला उतारा हेक्टरी 1 टनाच्या आसपास, ब्राझीलचा 3 टनांहून अधिक. तरीही माल खपतो, कारण भारतात जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही आणि असा निर्भेळ माल मागणारे ग्राहक जपान-युरोपात आहेत. शिवाय शेजारी देशांना अख्खे जहाज न घेता थोडा थोडा मालही उचलता येतो. दक्षिण अमेरिकेचे पीक मार्च-एप्रिलकडे येते, आपले ऑक्टोबरात. मधले महिने आपले.

बाजारपेठांचे वैविध्य मात्र ठरवून आलेले नाही. आधी इंडोनेशिया, व्हिएतनाम, जपान. मग इराणवरच्या अमेरिकी निर्बंधांच्या काळात भारताने तिथल्या खनिज तेलाचे पैसे रुपयांत चुकते केले आणि त्याच रुपयांतून इराण पेंड घेऊ लागला. 2019 मध्ये इराणी तेलाची खरेदी थांबली, तसा तोही व्यवहार आटला. अमेरिकेत सेंद्रिय पेंडेला चांगला भाव होता, तिथे 2022 मध्ये जबर शुल्क लागले. प्रत्येक वेळी एक दार बंद झाले की दुसरे शोधायचे, असाच हा प्रवास आहे. याला वैविध्य म्हणणे धाडसाचे आहे.

आता सर्वांत मोठे गिऱ्हाईक देशातलाच कुक्कुटपालन व्यवसाय. पेंड महागल्यावर त्याच्यासाठी 2021 मध्ये जनुकबदल सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला सरकारने परवानगी दिली. ज्या वेगळेपणावर निर्यात उभी आहे, त्यालाच हा धक्का होता. पुढे इथेनॉल कारखान्यांतला स्वस्त धान्यचोथा खाद्यात आला आणि पेंडेचा भाव घसरला. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना माळव्यातल्या मंड्यांत सोयाबीन त्याहून कमी दराने विकले गेले.