एमटीडीमधली ४ जीबीची अडचण: पार्श्वभूमी

एमटीडी म्हणजे लिनक्स कर्नलचा कच्ची फ्लॅश (स्वतःचा कंट्रोलर नसलेली मेमरी चिप) हाताळणारा भाग, आणि इरेझब्लॉक म्हणजे फ्लॅशचा एका वेळी पुसला जाणारा तुकडा; यावर काम केलेल्यांना याहून जास्त सांगत बसत नाही. अगदी सुरुवातीचा काळही सोडून देतो, चिप मोजक्या एमबीच्या असायच्या आणि त्यांच्यासाठी ३२ बिटचा आकडा म्हणजे चंगळ होती.

खरा गुंता २००८ चा. एका पॅकेजात अनेक डाय (सिलिकॉनचे तुकडे) रचलेल्या मोठ्या नँड (जास्त जागेसाठी वापरतात तो फ्लॅशचा प्रकार) यायला लागल्या आणि एमटीडीच्या मुख्य स्ट्रक्चरमधलं साइझ फील्ड होतं ३२ बिटचं, म्हणजे ४ जीबीच्या आतलेच बाइट मोजणारं. बरोब्बर ४ जीबीची चिप लावली की साइझ शून्य! जिथे कोडमध्ये साइन्ड इंट (उणे आकडेही धरणारा, त्यामुळे निम्म्याच मर्यादेचा) होता तिथे तर २ जीबीलाच आकडा उणे, म्हणून जुने पॅच चाळले तर कुठे "२ जीबीच्या वर" तर कुठे "४ जीबीच्या वर" असं दिसतं, दुखणं एकच. गंमत म्हणजे रीड-राइटचे ऑफसेट आधीपासून ६४ बिटच होते, अडलं होतं साइझपाशी आणि इरेझच्या पत्त्यापाशी. "६४ बिट सपोर्ट" म्हटलं की अजूनही काहींना वाटतं ६४ बिट प्रोसेसरबद्दल चाललंय, आणि खरी डोकेदुखी होती नेमकी ३२ बिटच्या आर्म, मिप्स बोर्डांवर.

तेव्हा एक प्रस्ताव असा होता की साइझला हातच लावू नका, इरेझब्लॉक किती आहेत तो आकडा वेगळ्या फील्डमध्ये ठेवा आणि लागेल तेव्हा गुणाकार करा. मला आजही ही कल्पना वाटते तितकी वाईट वाटत नाही, फ्लॅश शेवटी ब्लॉकनेच पुसतात, आणि यूबीआय (एमटीडीवर बसणारा, ब्लॉकची झीज सांभाळणारा थर; २००७, कर्नल २.६.२२) सगळा हिशोब ब्लॉक नंबरवरच करतं. पण एकाच गोष्टीचे दोन आकडे आले की कुठला खरा हा वाद आलाच, शिवाय काही नॉर (फ्लॅशचा दुसरा प्रकार) चिपमध्ये ब्लॉक एका मापाचे नसतात, तिथे हा गुणाकार फसतो. शेवटी सरळ फील्डच ६४ बिट केलं आणि ते मार्च २००९ च्या २.६.२९ मध्ये आलं.

सरळ म्हणजे म्हणायला सरळ. ३२ बिट प्रोसेसरवर ६४ बिटचा साधा भागाकार लिहिला की कंपायलर त्यासाठी लायब्ररीतलं फंक्शन मागतो, कर्नलमध्ये ते मुद्दाम ठेवलेलं नाही, मग लिंक करताना बोंब. त्यामुळे ड्रायव्हरमध्ये जिथे जिथे साइझला इरेझसाइझने भागलं होतं तिथे हात घालावा लागला, मदतीला छोटे हेल्पर आले, माप दोनच्या घातात असेल तर शिफ्ट (बिट सरकवणं), नसेल तर डू-डिव्ह (कर्नलचा स्वतःचा ६४ बिट भागाकार).

आणि यूजरस्पेसचं, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामचं काय? माहिती देणाऱ्या जुन्या आयओसीटीएलमधली (प्रोग्रामने कर्नलला करायच्या विनंतीतली) साइझ आजही ३२ बिटच आहे, एबीआय (जुने प्रोग्राम ज्यावर चालतात तो ठरलेला साचा) मोडायचा नाही ना! खरी साइझ सिसएफएसमधून (कर्नल जिथे माहिती फाइलींच्या रूपात मांडतो तिथून) वाचायची, इरेझसाठी वेगळा ६४ बिटचा आयओसीटीएल. जुनी टूल्स मोठ्या चिपवर चुकीची साइझ दाखवतात ती यामुळेच.

एवढं करून मोठी कच्ची नँड फार टिकली नाही. ईएमएमसी या तयार फ्लॅश चिपने कंट्रोलर आतच घेतला, कर्नलला दिसतं ते साधं ब्लॉक डिव्हाइस. एमएलसी (एका सेलमध्ये दोन बिट ठेवणाऱ्या) नँडचं तर असं झालं की एक पान (लिहिण्याचं एकक) लिहिताना वीज गेली तर त्याच्या जोडीचं, आधी नीट लिहिलेलं पानही खराब होऊ शकतं, म्हणून २०१८ मध्ये यूबीआयने एमएलसी घ्यायलाच नकार दिला. पुढे २०२० मध्ये ५.८ पासून तीच चिप एसएलसीसारखी (एका सेलमध्ये एकच बिट) वापरायची सोय आली, अर्थात अर्धी जागा सोडून.

छोट्या एसपीआय (मोजक्या तारांच्या बसवरच्या) नॉरमध्ये हीच कथा १६ एमबीला झाली, कारण पत्ता ३ बाइटचा. त्यापुढच्या चिपला बऱ्याचदा ४ बाइट मोडमध्ये टाकावं लागतं, आणि रीबूट करताना चिपची रीसेट पिन जोडलेली नसेल तर ती त्याच मोडमध्ये राहते, बूटरॉम (प्रोसेसरमधला सुरुवातीचा पक्का कोड) मात्र ३ बाइटच पाठवतो. माझ्याकडचा एक राउटर असाच दर रीबूटला अडकायचा, प्लग काढून परत लावला की चालू.