लॅबसाठी मानवी प्रथिन हवंय? परवानगी कधी लागते, कागद कोणते

पीएचडीला नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, ह्यूमन ईजीएफ (पेशींची वाढ घडवणारं मानवी प्रथिन) मागवायचंय. जैवसुरक्षा समितीकडे अर्ज करायचा का?" मी उलट विचारते, तुला प्रथिन हवंय की प्रथिन बनवणारा जीवाणू? पुढचे सगळे कागद या उत्तरावर ठरतात.

कुपीत येतं ते शुद्ध करून, गोठवून वाळवलेलं प्रथिन. 100 मायक्रोग्रॅम म्हणजे तळाशी जेमतेम दिसेल इतकी पांढरी खपली. त्यात जिवंत काही नसतं. भारतातल्या वितरकाकडून घेतलंत, तर काम मुख्यतः खरेदी विभागाचं: मागणीपत्र, तपशील, दरपत्रकं, प्रकल्पाच्या कोणत्या शीर्षाखाली खर्च टाकायचा ते, आणि एकाच कंपनीचा माल हवा असेल तर त्याचं कारण देणारं प्रमाणपत्र. तपशिलात नुसतं 'ईजीएफ' लिहू नका. कोणत्या यजमान पेशीत (म्हणजे जनुक घालून जिच्याकडून प्रथिन बनवून घेतात तिच्यात) बनवलंय, टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला छोटा तुकडा) आहे का, शुद्धता किती, एंडोटॉक्सिन (जीवाणूच्या आवरणातलं विष) किती, सोबत बीएसए (टिकाऊपणासाठी घालतात ते गाईच्या रक्तातलं प्रथिन) मिसळलंय का, हे सगळं लिहा. नाहीतर सर्वांत स्वस्त कुपी हाती पडते आणि पेशी एंडोटॉक्सिननेच भडकतात.

परदेशातल्या सहकाऱ्याकडून थेट मागवत असाल, तर मात्र थांबा. संशोधनासाठीच्या आयात-निर्यातीची 2020 सालची सुलभ कार्यपद्धती जनुकीय बदल केलेल्या जीवांबरोबर त्यांच्यापासूनच्या उत्पादनांनाही लागू आहे, आणि अशा जीवाणूने बनवलेलं प्रथिन त्यातच येतं. पार्सल निघण्याआधी समितीच्या सदस्य सचिवांना विचारा. माझं एक पार्सल कागद अपुरे म्हणून जोडून आलेल्या सुट्ट्यांत विमानतळावर अडकलं होतं. हाती आलं तेव्हा ड्राय आइस संपून खोका कोमट झाला होता.

आता स्वतः बनवण्याबद्दल. इथे 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे 1989 चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. अर्ज करतो तो प्रकल्पाचा प्रमुख संशोधक, विद्यार्थी नव्हे. संस्थेची जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, विभागाकडे नोंदलेली असावी लागते. तिच्यावर विभागाचा एक प्रतिनिधीही असतो.

प्रयोगाचे गट जोखमीवरून पडतात. नेहमीच्या निरुपद्रवी ई. कोलाय जीवाणूमध्ये ओळखीचं, बिनविषारी जनुक घालणं सहसा पहिल्या गटात येतं. तिथे समितीला उद्देश आणि आराखडा कळवायचा असतो. दुसऱ्या गटात काम सुरू करण्याआधी समितीची मंजुरी लागते. तिसऱ्या गटापासून वर समितीनंतर दिल्लीच्या आरसीजीएमचीही (जनुकीय बदलांच्या कामाची केंद्रीय आढावा समिती). गट संशोधकाने सुचवायचा, पण शेवटचा शब्द समितीचा. म्हणून 'साधं क्लोनिंग आहे' म्हणत कळवणंच टाळू नका.

अर्जात लागतं ते असं: जनुकाचं नाव आणि अनुक्रमाचा नोंदणी क्रमांक, प्लास्मिडचा (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळाचा) नकाशा, निवडीसाठीचं प्रतिजैविक (ज्यात फक्त प्लास्मिड घेतलेले जीवाणू जगतात ते), यजमान जीवाणूचा प्रकार, एका वेळी किती लिटर वाढवणार, जैवसुरक्षा पातळी, काम करणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि कचऱ्याची विल्हेवाट. शेवटचा रकाना लोक एका ओळीत उरकतात आणि अर्ज तिथूनच परत येतो. 'ऑटोक्लेव्ह करू' एवढं पुरत नाही. किती तापमान, किती मिनिटं, निर्जंतुक झालं हे कशाने तपासणार आणि नोंद कुठे ठेवणार, तेही लिहा.

'मानवी' या शब्दाने उगाच घाबरायला होतं. जनुक कृत्रिमरीत्या संश्लेषित करून घेतलं किंवा प्लास्मिड भांडारातून मागवलं, तर माणसाचा नमुना कुठेच येत नाही. रुग्णाच्या रक्तातून किंवा ऊतीतून ते काढणार असाल, तर मानवी नैतिकता समितीची मंजुरी आणि संमतीपत्र हवं. ॲडजीनसारख्या भांडारातून प्लास्मिड घेताना साहित्य हस्तांतरण करार होतो. त्यावर संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची सही लागते, तुमच्या गाइडची चालत नाही. आठवडे जातात ते या सहीत.

तयार प्रथिन उंदरांना टोचायचं असेल, तर प्राणी नैतिकता समितीचा अर्ज वेगळा. कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेलं प्रथिन माणसाला देता येत नाही, मग ते कितीही शुद्ध असो.

आणि मध्येच यजमान बदललात, तर समितीला पुन्हा कळवा. 53 अमिनो आम्लांचं ईजीएफ ई. कोलायमध्ये निभतं. एरिथ्रोपोएटिनला (लाल रक्तपेशी वाढवणाऱ्या प्रथिनाला) मात्र साखरेच्या साखळ्या लागतात, त्यासाठी सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे वळावं लागतं, आणि ई. कोलायच्या जुन्या अर्जात ते काम बसत नाही.